आडव्या शिलेची कुळकथा

स्कॉटलंडच्या ईशान्य कोपऱ्यात, ॲबर्डीन शहराच्या पश्चिमेला आणि उत्तरेला पसरलेल्या शेतीच्या मुलखात, बार्लीची शेते, मेंढ्यांची कुरणे आणि लागवडीची पाइनराने यांच्यामध्ये जागोजागी दगडांची लहान कडी उभी आहेत. दहा-बारा उभ्या शिला, वीस मीटरांच्या आसपास व्यास, आणि दक्षिण-आग्नेय ते नैर्ऋत्य या टप्प्यात कोठेतरी दोन उंच शिलांच्या मध्ये मुद्दाम आडवी बसवलेली एक अवाढव्य शिला, एवढ्या खुणांवरून त्यांची जात ओळखता येते. पुरातत्त्वज्ञ या वास्तुप्रकाराला ‘आडव्या शिलेची वर्तुळे’ म्हणतात आणि त्या शिलेच्या दोन्ही हातांना उभ्या असलेल्या उंच शिलांना ‘पार्श्वशिला’. ऑब्री बर्ल या अभ्यासकाने ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत मिळून सुमारे १,३०० शिलावर्तुळांची गणती केली होती. त्यांपैकी निश्चितपणे या जातीची म्हणता येतील अशी वर्तुळे सत्तरच्या थोडी वर भरतात आणि ती जवळजवळ सगळी डी व डॉन या नद्यांच्या खोऱ्यांत आणि त्यांच्या उत्तरेच्या सखल भागात दाटलेली आहेत. स्टोनहेंजच्या प्रसिद्धीपुढे ती झाकोळून गेली हे खरे. परंतु स्टोनहेंजसारखी वास्तू दुसरी नसल्यामुळे तिच्यावरून एखाद्या चालीचे कुळ शोधणे कठीण जाते, तर ॲबर्डीनशायरची वर्तुळे एकाच संकेताने पुन्हा पुन्हा बांधलेली असल्यामुळे त्यांतला नियम कोणता आणि अपवाद कोणता हे ताडून पाहता येते.

तो संकेत असा. वर्तुळातल्या उभ्या शिलांची उंची सारखी नसते. आडव्या शिलेच्या समोरच्या बाजूला, म्हणजे सर्वसाधारणपणे ईशान्येला, त्या सर्वांत बुटक्या असतात आणि दोन्ही अंगांनी पुढे येताना क्रमाने वाढत वाढत पार्श्वशिलांपाशी कमाल उंची गाठतात. आडवी शिला बहुधा सर्वांत जड असते, पुष्कळदा इतर शिलांहून वेगळ्या खडकाची आणि दुरून आणलेली असते, आणि तिचा माथा सपाट व समपातळीत यावा म्हणून तिच्या बुडाखाली दगडांची पाचरे मारलेली असतात. ओल्ड कीग येथील आडव्या शिलेचे वजन ५० टनांच्या घरात जाते आणि ती काही मैलांवरून ओढत आणलेली आहे. चाक हाताशी नसलेल्या समाजाने, लाकडी ओंडके, दोर आणि माणसांच्या बळावर हे काम केले, यावरून त्या एका शिलेला किती महत्त्व होते हे कळते. आतल्या बाजूला बहुधा दगडांची एक बुटकी गोल रास असते, जिच्या मध्यभागी मोकळी जागा सोडलेली असते. अशा राशीला ‘वलयरास’ म्हणणे सोयीचे आहे. इन्व्हरुरी गावाजवळचे ईस्टर ॲक्वॉर्थीज हे वर्तुळ या संकेताचा सर्वांत अखंड नमुना मानले जाते. तेथील कड्यात एकही शिला कमी नाही, आडवी शिला तांबूस ग्रॅनाइटची आहे, पार्श्वशिला करड्या आहेत आणि उभ्या शिलांमध्ये एक लालभडक जास्परची आहे. रंगांची ही निवड योगायोगाने झाली असेल असे मानायला फार भाबडेपणा लागेल.

या वर्तुळांचे कुळ सांगण्याचा पहिला ज्ञात लेखी प्रयत्न १५२७ साली झाला. ॲबर्डीनच्या किंग्ज कॉलेजचा पहिला प्राचार्य हेक्टर बोएस याने लॅटिनमध्ये लिहिलेल्या स्कॉटलंडच्या इतिहासात मेनस नावाच्या एका प्राचीन राजाची कथा दिली असून, त्या राजाने देवपूजेसाठी दगडांची वर्तुळे उभारली आणि त्यांतली सर्वांत मोठी शिला दक्षिणेकडे आडवी टाकून तिची वेदी केली असे त्याने सांगितले आहे. मेनस हा राजा कल्पित आहे. बोएसच्या ग्रंथात असे राजे पुष्कळ आहेत. तथापि दक्षिणेकडची आडवी शिला हा तपशील कल्पित नाही, आणि ज्या प्रदेशात हा ग्रंथकार शिकवत होता तेथली वर्तुळे त्याने पाहिलेली किंवा निदान नीट ऐकलेली होती, हे त्यावरून उघड होते. निरीक्षण खरे, वंशावळ खोटी, हा प्रकार या वर्तुळांच्या वाट्याला पुढे अनेकदा आला. आडव्या शिलेला ‘वेदी’ म्हणण्याची सवय मात्र बोएसपासून लागली ती एकोणिसाव्या शतकापर्यंत सुटली नाही.

दुसरे कुळ ड्रुइडांचे. ड्रुइड म्हणजे गॉल आणि ब्रिटनमधल्या केल्टिक समाजाचे पुरोहित. ज्युलियस सीझरने त्यांचे वर्णन केले आहे आणि त्यांचा काळ इ.स.पूर्व शेवटच्या शतकांचा, म्हणजे लोहयुगाचा आहे. सतराव्या शतकात जॉन ऑब्री या इंग्लिश जिज्ञासूने ब्रिटनमधली शिलावर्तुळे रोमन किंवा डेन लोकांची नसून रोमनपूर्व रहिवाशांची आहेत हे अचूक ओळखले आणि ती ड्रुइडांची मंदिरे असावीत असा तर्क केला. या तर्काला स्कॉटलंडमधून आधार मिळावा म्हणून त्याने किंग्ज कॉलेजमधले धर्मशास्त्राचे प्राध्यापक जेम्स गार्डन यांच्याशी पत्रव्यवहार केला. १६९२ सालची गार्डन यांची उत्तरे आजही वाचण्यासारखी आहेत, कारण त्यांनी वर्तुळांचे वर्णन बारकाईने केले, लोक त्यांना मूर्तिपूजकांची देवळे समजतात हे नोंदवले, आणि ड्रुइडांशी त्यांचा संबंध सांगणारी कोणतीही परंपरा आपल्याला तेथे आढळली नाही असे सरळ कळवले. पुरावा मागितला असता पुरावा नाही असे सांगणारा साक्षीदार मिळणे हे अभ्यासकाचे भाग्य म्हणायला हवे. पण पुढच्या शतकात विल्यम स्टुकली याने स्टोनहेंजवरील १७४० च्या ग्रंथात ड्रुइडांना असे काही रंगवले की गार्डन यांचे ‘नाही’ कोणाच्या ध्यानात उरले नाही. वर्तुळे आणि ड्रुइड यांच्यात दोन हजार वर्षांचे अंतर आहे. तरीही स्कॉटिश खेड्यांत ‘ड्रुइडांचे देऊळ’ हे नाव नकाशांवर आणि लोकांच्या तोंडी अजून टिकून आहे.

१७७३ च्या ऑगस्टमध्ये कोशकार सॅम्युएल जॉन्सन आणि जेम्स बॉझवेल हे दोघे स्कॉटलंडच्या प्रवासात असताना बॉझवेलच्या आग्रहाने स्ट्रिकन येथील वर्तुळाकडे वळले. बॉझवेलच्या मनात ते मोठे झालेले होते, प्रत्यक्षात थोड्याच शिला उरल्या होत्या, आणि पुढे इन्व्हरनेसजवळ असेच दुसरे स्थळ पाहिल्यावर जॉन्सनने त्यांत कलाही नाही आणि सामर्थ्यही नाही, एक पाहिले की पुरे, अशा अर्थाचा शेरा दिला. कोशकाराचा हा निकाल त्याच्या इतर पुष्कळ निकालांप्रमाणे ठणठणीत आणि अपुरा आहे.

ड्रुइडांच्या कुळकथेला पहिला खरा धक्का दिला तो कुदळीने. ॲबर्डीनशायरचेच असलेले आणि स्कॉटलंडच्या पुरातत्त्व मंडळाचे चिटणीस राहिलेले जॉन स्टुअर्ट यांनी, १८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधील कोरीव शिलांवरच्या आपल्या ग्रंथात, वर्तुळांच्या आत जेथे जेथे खणले गेले तेथे तेथे जळालेली हाडे आणि मडकी मिळाली याकडे बोट दाखवून, ही वर्तुळे मृतांशी निगडित आहेत, वेदीची कल्पना निराधार आहे, असा पक्ष मांडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रेड कोल्स यांनी एकेका वर्तुळाचे मोजमाप घेऊन आराखडे छापले आणि १९३२-३३ मध्ये एडिंबरा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन चाइल्ड यांनी ओल्ड कीगला उत्खनन केले. त्यापाठोपाठ १९३४ मध्ये डेव्हिअट गावाशेजारचे लोनहेड हे वर्तुळ किलब्राइड-जोन्स यांनी उघडले. तेथे वलयरासीच्या मध्यभागी दहन केलेली मानवी हाडे निघाली, त्यांत लहान मुलांच्या कवट्यांचे तुकडेही होते. आणि कड्याला लागूनच नंतरच्या काळातली, कांस्ययुगातली, एक दहनास्थींची दफनभूमी सापडली, जिच्यात तीसहून अधिक माणसांचे अवशेष होते. लोनहेडची आडवी शिला हिमाने फुटून तिचे दोन उभे काप झाले आहेत, त्यामुळे ती दोन शिलांसारखी दिसते. प्रथम पाहणाऱ्याची तेथे हमखास फसगत होते.

कोल्स यांची मोजमापे चालू होती त्याच सुमारास आकाशाकडे पाहणाऱ्यांनीही आपला हक्क सांगितला. सूर्याच्या वर्णपटात हेलियम ओळखणारे आणि ‘नेचर’ या नियतकालिकाचे संस्थापक नॉर्मन लॉकियर यांनी १९०६ नंतरच्या काही वर्षांत ॲबर्डीनशायरची वर्तुळे मोजली आणि आडवी शिला ही ठरावीक ताऱ्यांचा उदय पाहण्यासाठी बसवलेली दृष्टिरेषा आहे असा सिद्धांत मांडला, जो पुढे टिकला नाही. हेच लॉकियर २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी कोकणात विजयदुर्गावर आले होते, आणि त्यांनी १८६८ साली हेलियमचा शोध त्याच किल्ल्यावर लावला असे आजही सांगितले जाते, जे कालक्रमात बसत नाही. जुन्या दगडांना नामांकित नाव चिकटण्याची खोड केवळ स्कॉटलंडची नाही. लॉकियर यांच्यानंतर अलेक्झांडर थॉम या स्कॉटिश अभियंत्याने शेकडो वर्तुळे मोजून १९६७ च्या ग्रंथात ०.८२९ मीटरांचा एक ‘महापाषाणी यार्ड’ आणि अचूक ज्योतिर्गणित त्यांच्या कर्त्यांच्या पदरात घातले. थॉम यांची मोजमापे आजही आदर्श मानली जातात, निष्कर्ष मानले जात नाहीत.

चंद्राचा संबंध मात्र पुरता झटकून टाकता आला नाही. बर्ल आणि क्लाइव्ह रगल्स यांनी १९८० च्या दशकात या वर्तुळांचा एकत्रित अभ्यास केला तेव्हा त्यांना असे आढळले की आडव्या शिला एकूणएक दक्षिण-आग्नेय ते नैर्ऋत्य या मर्यादित कमानीतच बसवलेल्या आहेत आणि आतून त्यांच्यावरून पाहिले असता दूरचे क्षितिज मोकळे दिसते. ५७ अंश उत्तर अक्षांशावर उन्हाळ्यातली पौर्णिमा विलक्षण असते: सूर्य जितका उंच चढतो तितका पूर्णचंद्र खाली राहतो, आणि चंद्रकक्षेचा तिरपेपणा १८.६ वर्षांच्या आवर्तनात कमाल मर्यादेला पोचतो त्या सुमारास तो दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम तीन-चार अंश वरून, टेकड्यांना घासत, आडव्या शिलेच्या माथ्यावरून सरकत जातो. पुण्याच्या अक्षांशावरून हाच चंद्र त्या वेळी चाळीस अंशांच्याही वर असतो, म्हणून मराठी वाचकाला हा देखावा कल्पनेनेच उभा करावा लागतो. काही ठिकाणी आडव्या शिलेच्या आसपास पांढऱ्या गारगोटीचे तुकडे विखुरलेले सापडले आहेत आणि तिच्यावर किंवा तिच्या शेजारच्या शिलांवर वाटीसारखे लहान गोल खळगे कोरलेले आहेत. सनहनी येथील शिलेवर असे तीसच्या आसपास खळगे आहेत. या दोन्ही गोष्टी चंद्राच्या बाजूने साक्ष देतात असे मानले गेले. पण कमान इतकी रुंद आहे की तिच्यावरून तिथी काढता येणार नाही. वेधशाळा हा शब्द येथे चुकीचा आहे. दिशेचा मान राखला गेला, एवढेच म्हणता येते.

येथवरच्या सर्व विद्वानांनी, ते धर्मशास्त्री असोत की ज्योतिर्विद, एक गोष्ट गृहीत धरली होती, आणि ती कोणी बोलूनही दाखवली नव्हती: आधी कडे उभारले गेले, मग त्या कड्याच्या आत काही विधी झाले, मृतांची हाडे आणून पुरली गेली, दगडांची रास रचली गेली. देवळाची कल्पना मनात असली की हा क्रम आपोआप सुचतो, कारण देऊळ आधी आणि पूजा नंतर. रीडिंग विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ रिचर्ड ब्रॅडली यांनी १९९९ आणि २००० मध्ये टार्लंड गावाजवळच्या टॉमनॅव्हेरी टेकडीवर उत्खनन केले आणि हा क्रम उलटा निघाला. टेकडीच्या माथ्यावर सर्वांत तळाशी जळकी माती, कोळसा आणि दहन केलेल्या हाडांचे बारीक तुकडे यांचा एक बुटका उंचवटा होता. तेथे चिता पेटली होती. त्या जागेभोवती दगडांचा बहुकोनी ओटा रचला गेला आणि मध्ये वलयरास झाली. उभ्या शिला त्या ओट्याच्या कडेने नंतर आल्या, आणि दोन पार्श्वशिलांच्या मधली आडवी शिला ही त्या साऱ्या कामाच्या अखेरच्या टप्प्यात बसली. कोळशाच्या कार्बन-१४ तपासणीवरून, म्हणजे सेंद्रिय पदार्थातल्या किरणोत्सारी कार्बनाचा ऱ्हास मोजून काळ काढण्याच्या पद्धतीवरून, हा सारा व्यवहार इ.स.पू. २५०० च्या सुमाराचा ठरला. ब्रॅडली यांनी कोथीमुर वुड आणि आइकी ब्रे या आणखी दोन वर्तुळांची तपासणी करून सगळे काम २००५ च्या ग्रंथात मांडले.

या उत्खननातला सर्वांत बोलका तपशील ओट्याच्या पोटात होता. दगड भरताना मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या दगडांच्या सरळ ओळी आत घातलेल्या होत्या आणि त्यांपैकी कित्येक ओळी पुढे जेथे उभ्या शिला आल्या त्या जागांच्या रोखाने गेलेल्या होत्या. याचा अर्थ, कडे शेवटी उभे राहिले तरी ते शेवटी सुचलेले नव्हते. चिता विझल्यावर ओट्याचा पहिला दगड ठेवणाऱ्यांना आपण कोठे जाऊन थांबणार हे ठाऊक होते. आडव्या शिलेच्या दिशेने पाहिले असता सुमारे ३० किलोमीटरांवरचा लॉखनगार हा पर्वत दिसतो, आणि ती दिशाही आरंभीच ठरलेली असली पाहिजे. तेव्हा आडव्या शिलेला वेदी म्हणण्यापेक्षा तिला दोन पार्श्वशिलांच्या चौकटीत बसवलेले बंद दार म्हणणे पुराव्याला अधिक धरून आहे. ज्या जागी मृतांना अग्नी दिला ती जागा मिटवण्यासाठी, तिच्यावरचा वावर संपवण्यासाठी, पण ती कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे कायम दिसत राहावे म्हणून हे दार लावले गेले. शिलावर्तुळ म्हणून ज्याचे छायाचित्र काढले जाते तो त्या जागेच्या इतिहासातला समारोप आहे, आरंभ नव्हे. आणि बोएसपासून थॉमपर्यंतच्या कुळकथा फसल्या त्या बहुतांशी याच एका कारणाने.

बंद दाराची कल्पना मान्य केली की पुढचा प्रश्न येतो तो असा की हे दार मुळात कोठल्या घराचे. इन्व्हरनेसजवळ क्लाव्हा येथे दगडी राशींच्या पोटात शिरणारे अरुंद बोगदे आहेत, त्यांच्याभोवती उभ्या शिलांची कडी आहेत, त्या शिलाही नैर्ऋत्येकडे उंच होत जातात, आणि हिवाळ्याच्या मध्यावर मावळत्या सूर्याचे किरण त्या बोगद्यांतून आत शिरतात. साम्य इतके उघड होते की क्लाव्हा हे मूळ आणि ॲबर्डीनशायरची वर्तुळे ही त्याची पूर्वेकडे गेलेली शाखा, असे बराच काळ मानले गेले. त्याच ब्रॅडली यांनी १९९० च्या दशकात क्लाव्हाला खणून कालनिश्चिती केली तेव्हा ते बांधकाम इ.स.पू. २००० च्या आसपासचे निघाले, म्हणजे ज्याला बाप समजले तो चार-पाचशे वर्षांनी धाकटा ठरला. शाखा आता उलट्या बाजूने काढावी लागते, आणि तीही जपूनच.

कडे उभारण्याची मूळ चाल याहूनही जुनी आहे. ऑर्कनी बेटांवरच्या स्टेनेस येथील उंच, पातळ शिलांचे वर्तुळ इ.स.पू. ३००० च्या सुमाराचे असून ब्रिटनमधल्या अगदी आरंभीच्या वर्तुळांत त्याची गणना होते; लुइस बेटावरचे कॅलनिश त्याहून फारसे मागे नाही. ॲरन बेटावरील माक्री मूर येथे १९८५-८६ मध्ये झालेल्या उत्खननात दोन शिलावर्तुळांच्या खाली त्याच जागी लाकडी खांबांची वर्तुळे सापडली, आणि लाकूड जाऊन दगड येईपर्यंतच्या काळात ती जमीन नांगरली गेली होती याच्या खुणाही मिळाल्या. शेत झालेल्या जमिनीवर जुन्या खांबांच्या जागी पुन्हा कडे उभारायचे, तर त्या जागांची आठवण पिढ्यांनी जपलेली असली पाहिजे. नवाश्मयुगातली, म्हणजे घासून गुळगुळीत केलेली दगडी हत्यारे, शेती आणि मडकी यांच्या काळातली, ही सर्वसाधारण चाल ईशान्येत आली तेव्हा नवाश्मयुग संपत होते, ताम्र आणि नंतर कांस्य यांचे युग उंबरठ्यावर होते, आणि येथल्या लोकांनी तिला आपली आडवी शिला जोडली.

आडवी शिला असलेली वर्तुळे नैर्ऋत्य आयर्लंडमध्ये, कॉर्क आणि केरी या परगण्यांत, आहेत. ड्रॉम्बेग हे त्यांतले सर्वांत परिचित. पण तेथे सर्वांत उंच शिला आडव्या शिलेच्या बरोबर समोर असतात, पार्श्वशिला नसतात, आणि ड्रॉम्बेगचा काळ हजार वर्षांहून अधिक अलीकडचा आहे. आयरिश अभ्यासकांनी त्यांना निराळे नाव दिले ते योग्यच केले.

नात्याचा दावा याहून लांबही पोचला होता. क्लोरोफॉर्मच्या वापरामुळे वैद्यकाच्या इतिहासात अमर झालेले एडिंबराचे डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८६७ मध्ये ब्रिटनमधल्या शिलांवरच्या वाटीवजा खळग्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो वाचलेले ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ साली नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिलावर्तुळांचे वर्णन बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिले, त्या वर्तुळांच्या शिलांवरही तसेच खळगे आहेत हे दाखवले आणि दोहोंमागे एकच मानववंश असावा असे सुचवले. जुनापाणीला सुमारे ३०० वर्तुळे आहेत आणि खळग्यांचे निरीक्षण अचूक आहे. परंतु विदर्भातली वर्तुळे मोठ्या गोलसर धोंड्यांची, दफनाच्या भरावाला कडेने धरून ठेवणारी आहेत. शांताराम भालचंद्र देव आणि इतरांनी माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथे केलेल्या उत्खननांत लोखंडाची हत्यारे, घोड्यांचे सांगाडे व तांब्याची अश्वभूषणे निघाली, नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली, आणि त्यांचा काळ इ.स.पू. पहिल्या सहस्रकातला ठरला. टॉमनॅव्हेरीची आडवी शिला बसून तोवर दीड हजार वर्षे होऊन गेली होती. दगडाला खळगा पाडणे आणि दफनाभोवती दगड रचणे या गोष्टी माणसांना एकमेकांना न विचारताही सुचू शकतात. सारख्या आकारावरून रक्ताचे नाते काढणे ही एकोणिसाव्या शतकाची सवय होती आणि तिची भुरळ अजून पुरती गेलेली नाही.

दार बंद झाल्यावर दगडांचे पुढे काय झाले हाही कुळकथेचाच भाग आहे. टॉमनॅव्हेरीवर इ.स.पू. १००० च्या सुमारास पुन्हा दहन झाले. मिडमार येथे १७८७ मध्ये वर्तुळाला लागून चर्च उभे राहिले आणि १९१४ मध्ये दफनभूमी वाढवताना वर्तुळच तिच्या आत घेतले गेले, त्यामुळे आज चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शिला आणि विसाव्या शतकातल्या थडग्यांचे दगड हिरवळीवर शेजारी शेजारी उभे आहेत. जॉन्सनने नापसंत केलेले स्ट्रिकनचे वर्तुळ एकोणिसाव्या शतकात एका कुळाने मोडले, जमीनदाराच्या हुकमाने ते चुकीच्या ठिकाणी पुन्हा उभे केले गेले, १९६० च्या दशकात पुन्हा भुईसपाट झाले, आणि उत्खननानंतर १९८० च्या दशकात योग्य जागी परत उभारले गेले. टॉमनॅव्हेरीच्या टेकडीला दगडाच्या खाणीने कड्याच्या अगदी जवळपर्यंत चावा घेतला होता. सरकारी संरक्षण आले नसते तर आडवी शिला खडी होऊन रस्त्यावर पडली असती.

आणि २०१८ च्या अखेरीस लिओकल-कुश्नी परगण्यात, आजवर नोंद नसलेले, आडव्या शिलेचे एक संपूर्ण वर्तुळ ‘सापडल्या’ची बातमी आली. शिला नेहमीपेक्षा लहान होत्या, व्यासही कमी होता, आणि या दोन्ही विसंगती तज्ज्ञांनी नोंदवल्या होत्या. २०१९ च्या आरंभी त्या शेताच्या आधीच्या मालकाने आपण ते वर्तुळ १९९० च्या दशकाच्या मध्यास बांधल्याचे कळवले. अभ्यासकांनी चूक तत्काळ मान्य केली. फसवणुकीचा हेतू त्यात नव्हता. संकेत पाळून, दिशा सांभाळून, आडवी शिला जागेवर ठेवून ते वर्तुळ झाले होते, इतके की तज्ज्ञांच्या नजरेतूनही निसटले. त्याच्या पोटात चिता तेवढी नव्हती. दगडांच्या रूपावरून कुळ ठरवण्याची मर्यादा किती, हे याहून स्वच्छ दाखवणारा प्रयोग कोणी ठरवूनही केला नसता.

ॲबर्डीनहून एका दिवसात तीन-चार वर्तुळे सहज पाहून होतात. अखंडपणासाठी ईस्टर ॲक्वॉर्थीज, कांस्ययुगीन दफनभूमीसाठी लोनहेड आणि शेजारधर्मासाठी मिडमार पाहावे. ज्याला एकच पाहता येणार असेल त्याने टॉमनॅव्हेरी निवडावे. तेथील पडलेल्या शिला उत्खननानंतर पुन्हा उभ्या केल्या आहेत, ओट्याची कड जमिनीवर ओळखू येते आणि खाणीची धारही शेजारीच आहे. तेथे गेल्यावर उभ्या शिला मोजण्याआधी पायाखालच्या रचलेल्या दगडांकडे पाहावे, कारण बांधणाऱ्यांनी कामाला सुरुवात तेथून केली होती.